बाबांच्या लेथसाठी पार्टिंग टूल घेताना

मंडळी, या खेपेचा प्रश्न ड्रिल मशीन आणि ग्राइंडरच्या थोडा पुढचा आहे. बेंगळुरूत नोकरी करणाऱ्या एका वाचक ताईंनी तो पाठवलाय. त्यांचे बाबा इंदूरला असतात. पीथमपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागच्या शेडमध्ये छोटा लेथ बसवला. शेजाऱ्यांच्या पंख्याचं बुश, नातवाच्या सायकलचा स्पेसर, देवघरातल्या समईचा तुटलेला पेच, सगळं तिथेच होतं. ताई लिहितात, "बाबा म्हणतात की सगळं जमतं, फक्त पार्टिंगची वेळ आली की पोटात गोळा येतो. वाढदिवसाला त्यांना इन्सर्टवालं पार्टिंग टूल द्यायचंय. ऑनलाइन शोधलं तर नुसते आकडे आणि अक्षरं दिसतात. दोन मिलिमीटर, तीन मिलिमीटर, ब्लेडवालं, दांड्याचं. कुठलं घेऊ?"

उत्तर आधी देते, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढे जाता येईल. घरगुती लेथ असेल तर २ मिलिमीटर रुंदीचा इन्सर्ट, तो स्क्रूने आवळणारं दांड्याचं टूल आणि सरळ धार. दांडा किती जाड घ्यायचा, हे मात्र बाबांचा लेथ पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. ते कसं पाहायचं आणि ३ ऐवजी २ का, ते आता बघू.

ज्यांनी लेथ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेथमध्ये रॉड फिरतो आणि हत्यार जागेवर असतं. फिरत्या रॉडच्या अंगाला टूल लावलं की त्याची साल निघते आणि हवा तो आकार येतो. आकार झाला, भोक पाडून झालं, आटे पाडून झाले की तयार तुकडा उरलेल्या रॉडपासून वेगळा करायचा. या कापण्याला पार्टिंग म्हणतात. पातळ, पट्टीसारखं टूल रॉडच्या आडवं सरळ आत ढकलत केंद्रापर्यंत न्यायचं, की तुकडा टपकन खाली पडतो.

ऐकायला गाजराची चकती कापण्याइतकं सोपं. पण ही पायरी येते सगळ्यात शेवटी. दोन तास खपून केलेला पितळी पेच इथे बिघडला तर दोन तास गेले. आणि बिघडतो तो हळूहळू नाही. आधी करकर आवाज, मग एकदम 'ठक'. टूल तुटतं, जॉब चकमध्ये वाकडा होतो, नाहीतर मोटर जागीच अडते. वर्षानुवर्षं लेथ चालवलेली माणसंसुद्धा पार्टिंगच्या वेळी बोलणं थांबवतात. बाबांच्या पोटातल्या गोळ्याला कारण आहे.

त्रास होतो त्याचं मूळ जागेच्या टंचाईत आहे. साध्या टर्निंगमध्ये निघालेल्या सालीला, म्हणजे चिपला, पळायला सगळं मैदान मोकळं असतं. पार्टिंगमध्ये टूल एका अरुंद फटीत शिरलेलं असतं. चिप जिथून निघते तिथून तिला मागेच यायचं असतं, आणि दोन्ही बाजूंना धातूच्या भिंती. ओल्या लाकडात करवत कशी आवळली जाते, तसंच इथे होतं. त्यात हत्यार पातळ आणि लांब. जितकं खोल जायचं तितकं ते पुढे काढावं लागतं आणि तितकंच ते लवतं.

जुनी पट्टी की इन्सर्ट?

आपल्याकडच्या बहुतेक वर्कशॉपमध्ये पार्टिंगसाठी हाय स्पीड स्टीलची, म्हणजे एचएसएसची, पट्टी वापरतात. ग्राइंडरवर धार लावायची आणि होल्डरमध्ये आवळायची. स्वस्त, टिकाऊ, हवी तेव्हा पुन्हा धार. ही पट्टी मी टाकाऊ ठरवणार नाही. धार लावणारा हात चांगला असेल तर ती उत्तम काम करते, आणि एखादा कोपरा उडाला तर दोन मिनिटांत ग्राइंडरवर दुरुस्त होते.

इन्सर्टवाल्या टूलमध्ये धार वेगळ्या, तयार तुकड्याची असते. तो तुकडा कार्बाइडचा, म्हणजे टंगस्टन कार्बाइडचे बारीक कण कोबाल्टने जोडून बनवलेला. जुने टर्नर याला 'विडिया' म्हणतात. हा शब्द मला फार आवडतो. जर्मनीच्या क्रुप कंपनीने १९२० च्या दशकात कार्बाइड बाजारात आणलं तेव्हा त्याला 'हिऱ्यासारखं' या अर्थाच्या जर्मन शब्दांतली अक्षरं घेऊन विडिया हे नाव दिलं. ते व्यापारी नाव आपल्या गल्लीबोळातल्या वर्कशॉपमध्ये इतकं मुरलं की आता ते मराठीच वाटतं.

कार्बाइड कठीण, म्हणून धार जास्त टिकते, हे सगळे सांगतात. घरगुती लेथच्या दृष्टीने मात्र मोठा फायदा दुसराच आहे. इन्सर्टच्या माथ्यावर, धारेच्या लगेच मागे, साच्यातच एक खोलगट नाली केलेली असते. कापली जाणारी चिप त्या नालीत दाबली जाते, थोडी आखडते आणि घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळी होऊन बाहेर पडते. म्हणजे चिप फटीपेक्षा अरुंद होते. सपाट माथ्याच्या पट्टीने निघालेली चिप जवळजवळ फटीएवढीच रुंद असते, त्यामुळे ती भिंतींना घासत अडकत येते. पार्टिंगचे निम्मे अपघात या अडकलेल्या चिपमुळे होत असावेत असं माझं मत आहे, आणि इन्सर्ट नेमका तिथेच उपयोगी पडतो.

दुसरा फायदा असा की धार बोथट झाली की इन्सर्ट बदलला, काम सुरू. धारेची जागा आणि उंची जवळपास तीच राहते. साठीनंतर ग्राइंडरवर डोळे ताणून बारीक कोन साधणं ज्यांना नकोसं वाटतं, त्यांच्यासाठी हे मोठं सुख.

तोटाही सांगायला हवा. कार्बाइड कठीण तसंच ठिसूळ. एचएसएस थोडं सहन करतं, कार्बाइड दाणकन कोपरा टाकतं. लेथच्या स्लाइड सैल असतील, चकात जॉब डगमगत असेल तर महागातला इन्सर्टही पहिल्याच दिवशी तुटेल. टूल बदलून लेथचा सैलपणा जात नाही. तेव्हा ताई, भेट द्यायच्या आधी बाबांना सहज विचारा, "क्रॉस स्लाइडचे गिब शेवटचे कधी आवळले होते?" ते चमकतील, पण शेडमध्ये जाऊन बघतील नक्की.

दोन की तीन?

आता मुख्य मुद्दा. बाजारात पार्टिंगचे इन्सर्ट दीड, दोन, अडीच, तीन, चार मिलिमीटर रुंदीचे मिळतात. दुकानदार बहुधा ३ चा डबा पुढे करतो, कारण कारखान्यांत तो जास्त खपतो. तर्कही पटण्यासारखा वाटतो: जाड म्हणजे मजबूत. पट्टी जितकी जाड तितकी ती बाजूला कमी वाकते, आणि हा फरक साधा नाही. ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो, त्यामुळे ३ ची पट्टी २ च्या पट्टीपेक्षा तिपटीहून जास्त ताठ असते.

मग २ का? कारण रुंदीबरोबर कापायला लागणारा जोरही वाढतो, आणि तो जोर सोसायचा असतो तुमच्या लेथला. हिशेब बघा. माइल्ड स्टीलच्या रॉडमध्ये २ मिमीचा इन्सर्ट दर फेऱ्याला ०.०५ मिमी आत जातोय असं धरू. एवढ्याशा कापालाही टूलच्या टोकावर ढोबळमानाने वीस ते पस्तीस किलो वजनाइतका दाब खालच्या दिशेने येतो. म्हणजे साखरेचं निम्मं पोतं एका टोकावर तोलल्यासारखं. ३ मिमी घेतला की हा दाब थेट दीडपट. कारखान्यातला दोन टनांचा लेथ हे ढिम्म सोसतो. टेबलावर बसणाऱ्या, पन्नास-साठ किलोच्या लेथचं तसं नाही. त्याचं टूलपोस्ट, त्याखालची कंपाउंड स्लाइड, त्याखालची क्रॉस स्लाइड, सगळे जरा जरा खाली दबतात. टूलचं टोक दबताना जॉबच्या आत ओढलं जातं, कापाची जाडी वाढते, दाब आणखी वाढतो. त्या 'ठक' आवाजाचा जन्म इथे होतो.

म्हणून छोट्या लेथवर पट्टीच्या ताठपणापेक्षा मशीनच्या ताठपणाचा विचार आधी करावा. पट्टी लवण्यावर सोपा उपाय आहे, ती कमी बाहेर काढायची. मशीनच्या अंगातला हलकेपणा घरबसल्या कमी करता येत नाही.

साडेचार फुटी बेडचा, बिडाचा, जुना पण धडधाकट लेथ असेल तर गोष्ट वेगळी. तसे लेथ राजकोट आणि बटाल्याहून देशभर गेले आहेत, आणि अनेक निवृत्त मंडळींच्या शेडमध्ये सेकंडहँड येऊन बसलेत. त्यावर ३ मिमी खुशाल चालेल, विशेषतः ४० मिमीच्या वरचे रॉड कापायचे असतील तर. दीड मिमीच्या वाटेला मात्र सहसा जाऊ नका. तो पितळ, अॅल्युमिनियमच्या बारीक कामांसाठी छान, पण स्टीलमध्ये लगेच जीव टाकतो.

एक छोटा हिशेब काटकसरी लोकांसाठी. वीस वॉशर कापायचे असतील तर ३ मिमीच्या टूलने ६० मिमी रॉड चुऱ्यात जातो, २ मिमीने ४०. पितळेचा भाव आठवून बघा.

दांड्याचं की ब्लेडचं?

इन्सर्टवाली पार्टिंग टूल मुख्यतः दोन जातींची दिसतील. पहिल्या जातीत चौकोनी दांडा आणि त्याच्याच टोकाला इन्सर्टची खाच असते. वरून एक स्क्रू आवळला की इन्सर्ट जबड्यात पक्का. बाजारात सगळ्यात जास्त दिसणारी मालिका 'एमजीईएचआर' या नावाची, आणि तिच्यात बसणारे इन्सर्ट 'एमजीएमएन'. कोडला घाबरू नका. 'एमजीईएचआर १६१६-२' यातलं १६१६ म्हणजे दांडा १६ बाय १६ मिमी, शेवटचा २ म्हणजे इन्सर्टची रुंदी आणि 'आर' म्हणजे उजव्या हाताचं टूल. 'एमजीएमएन २००' म्हणजे २ मिमीचा इन्सर्ट, '३००' म्हणजे ३ मिमीचा. या इन्सर्टला दोन्ही टोकांना धार असते. एक गेली की फिरवून दुसरी.

'आर' आणि 'एल' यात गल्लत करू नका. साध्या लेथवर, चक डाव्या हाताला असताना, आर घ्यायचं. त्याची धार टूलच्या डाव्या अंगाला असते, त्यामुळे चकच्या अगदी जवळ कापता येतं. आणि पार्टिंग चकच्या जेवढं जवळ तेवढं बरं.

दुसऱ्या जातीत २६ किंवा ३२ मिमी उंचीचं लांब ब्लेड असतं, ते एका ठोकळ्यात, म्हणजे ब्लॉकमध्ये, सरकवून आवळायचं. इन्सर्टला स्क्रू नसतो. ब्लेडच्या जबड्याच्या स्प्रिंगसारख्या पकडीनेच तो धरलेला असतो आणि कापताना येणाऱ्या दाबाने आणखी घट्ट बसतो. काढायला वेगळी किल्ली लागते. ब्लेड हवं तेवढं बाहेर काढता येतं, म्हणून मोठे रॉड कापायला हे झकास. कारखान्यात मी याच्याच बाजूने मत दिलं असतं.

छोट्या लेथवर दोन अडचणी येतात. ब्लॉकचं बूड दांड्याच्या खाली उतरलेलं असतं आणि टूलपोस्ट लहान असेल तर ते नीट बसतच नाही. दुसरं, चिप अडकलेली असताना घाईने टूल मागे ओढलं तर इन्सर्ट पकडीतून निसटून फटीतच राहू शकतो. फिरत्या रॉडमध्ये सुटा इन्सर्ट म्हणजे आणखी एक डोकेदुखी. स्क्रूच्या टूलमध्ये ही भीती फार कमी.

दांड्याच्या टूलची मर्यादा खोलीची. २ मिमीच्या टूलवर सहसा पंधरा मिमीच्या आसपास आत जाता येतं, म्हणजे तीसेक मिमी व्यासाचा भरीव रॉड. नेमका आकडा त्या-त्या टूलच्या माहितीत दिलेला असतो, तो वाचूनच घ्या. पट्टी इन्सर्टच्या रुंदीच्या आठपटीहून जास्त बाहेर काढू नये, असा कारखान्यांतही पाळला जाणारा ठोकताळा आहे. २ ला आठपट म्हणजे १६ मिमी. दोन्ही आकडे जुळतात. घरच्या कामात तीस मिमीहून जाड भरीव रॉड किती वेळा कापला जातो? त्या एका वेळेसाठी हॅकसॉ आहे. लेथ बंद करून, बेडवर लाकडाची फळी टाकून, हाताने कापा आणि नंतर तोंड साफ करा. चालू लेथवर हॅकसॉ धरण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती सवय सोडलेलीच बरी.

दांड्याची जाडी गुपचूप कशी मोजायची?

ताईंना भेट गुपित ठेवायची आहे, म्हणून ही युक्ती. बाबा आत्ता वापरतात त्यातलं, टूलपोस्टमध्ये पत्र्याच्या पट्ट्या न घालता थेट बसणारं, एखादं टूल उचला आणि व्हर्नियरने दांड्याची उंची मोजा. १० मिमी भरली तर १० चं घ्या, १२ भरली तर १२ चं, १६ असेल तर १६ चं. मधलं माप आलं तर खालचं घ्या. टूल बुटकं असेल तर खाली पॅकिंगची पट्टी घालून वर उचलता येतं. उंच असेल तर टूलपोस्ट कापावं लागेल, आणि मग भेट राहिली बाजूला.

उंचीवर इतका भर कशासाठी? कारण पार्टिंगमध्ये धार बरोबर जॉबच्या केंद्ररेषेवर असावी लागते. टर्निंगमध्ये थोडं इकडेतिकडे खपतं, इथे नाही. धार खाली राहिली तर शेवटी मध्ये एक बोंड उरतं आणि जॉब टूलवर चढू पाहतो. वर राहिली तर केंद्राजवळ पोचताना धारेऐवजी तिच्या खालचं अंग घासतं. फरक ०.१ मिमीच्या आत ठेवायचा. त्यासाठी महागडं यंत्र नको. सहा इंची स्टीलची पट्टी गोल रॉड आणि टूलचं टोक यांच्यामध्ये हलकेच धरा. पट्टी सरळ उभी राहिली तर धार केंद्रावर. वरचं टोक आपल्याकडे झुकलं तर धार खाली आहे, पलीकडे झुकलं तर वर. अर्थात हे लेथ बंद असताना. वेगवेगळी टूल पटकन बदलता येणारं क्विक चेंज टूलपोस्ट असेल तर ही उंची एकदा नटाने लावली की कायमची.

इन्सर्टच्या डब्यावर काय बघायचं?

धारेचे प्रकार तीन: सरळ, उजवीकडे कललेली, डावीकडे कललेली. कललेल्या धारेचा मोह पडतो, कारण तिने कापलेल्या तुकड्यावर मधलं बोंड उरत नाही. पण कललेली धार कापताना पट्टीला बाजूला ढकलते, आणि मग कापलेलं तोंड सपाट न येता बशीसारखं येतं. आपल्या छोट्या मशीनवर सरळच धार. बोंड फाइलीने दोन घासांत जातं.

दुसरं, धार तीक्ष्ण आहे का बघा. जड कामाच्या इन्सर्टची धार मुद्दाम किंचित गोलावलेली असते, म्हणजे ती जोराच्या फीडला टिकते. तो जोर आपल्या लेथकडे नाही, त्यामुळे असा इन्सर्ट कापण्याऐवजी घासत राहतो. अॅल्युमिनियमसाठी मुलामा नसलेला, आरशासारखा चकचकीत इन्सर्ट वेगळा मिळतो. अॅल्युमिनियम धारेला चिकटतं आणि गुळगुळीत पृष्ठभागावर ते चिकटणं कमी होतं. स्टील आणि पितळ दोन्ही करायचं असेल तर साधा सर्वकामाचा डबा पुरे.

सँडविक, इस्कार, कोरलॉय, केनामेटल अशा नावांचे इन्सर्ट महाग असतात पण एकसारखे निघतात. नाव नसलेले स्वस्त डबेही घरगुती कामाला पुष्कळदा चालतात. फक्त नावाजलेल्या कंपनीचा डबा अविश्वसनीय स्वस्त मिळत असेल तर आतला माल त्याच कंपनीचा असेल असं धरून चालू नका. माझा सल्ला: होल्डर मध्यम दर्जाचा, पण खाच स्वच्छ आणि इन्सर्ट न डुलता बसणारा घ्या, आणि इन्सर्ट दोन प्रकारचे आणून बघा. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीटवर हातात घेऊन निवडता येईल. बाकीच्यांनी ऑनलाइन घेताना परत करण्याची सोय बघावी.

हातात आल्यावर

इथे बाबांशी दोन शब्द. काका, एचएसएसची सवय असलेल्या हाताला इन्सर्टचं एक वागणं खटकेल. भीतीने फीड हळू केला की हा बिघडतो. एचएसएसला आपण चुचकारत आत नेतो. कार्बाइडला चुचकारलं तर ते घासतं, तापतं, जॉबचा पृष्ठभाग कडक करतं आणि मग तुटतं. त्याला सतत, न थांबता खायला हवं असतं.

आकड्यात सांगायचं तर २५ मिमीचा माइल्ड स्टीलचा रॉड ६०० आरपीएमवर फिरतोय, म्हणजे धारेवर मिनिटाला सुमारे ४७ मीटर वेग. दर फेऱ्याला ०.०५ मिमी धरलं तर साडेबारा मिमी आत जायला पंचवीस सेकंद लागतात. दोन मिनिटं लागत असतील तर तुम्ही कापत नाही आहात, घासताय. पहिल्यांदा मनातल्या मनात आकडे मोजत करून बघा. पंचवीस सेकंद हातांना घाईचे वाटतील, टूलला नाही. फक्त शेवटच्या दोनेक मिलिमीटरला हात हलका करा. केंद्राजवळ व्यास कमी होतो तसा धारेवरचा वेगही जवळजवळ शून्यावर येतो, आणि तिथे जोर लावला तर कोपरा उडतो.

कॅरेज लॉक करा, कंपाउंड स्लाइड मागे घेऊन आवळा, टूल चकच्या तोंडाला काटकोनात आहे ना ते बघा. स्टीलला ब्रशने कटिंग ऑइल, अॅल्युमिनियमला रॉकेल किंवा तसं पातळ तेल, पितळ कोरडंच. तापलेल्या कार्बाइडवर मधूनच पाण्याची धार मारू नका, गरम काचेसारखं ते तडकतं. टेलस्टॉकच्या सेंटरने दुसरं टोक टेकवून ठेवलेला जॉब आरपार कापू नका. शेवटच्या क्षणी दोन्ही तुकडे टूलला चिमटतात. आवाज बदलला तर आधी बटण, मग विचार. लेथ थांबल्यावर चक हाताने जरा उलटा फिरवून टूल मोकळं करा. टूल फटीत असताना पुन्हा सुरू करणं टाळा.

कारखान्यात कॅपस्टन लेथवर काम केलं असेल तर आठवत असेल, पार्टिंग टूल पलीकडच्या, मागच्या टूलपोस्टवर उलटं बसवलेलं असायचं. मागून कापताना टूल दबलं तर ते जॉबपासून दूर जातं, आत घुसत नाही, आणि चिपही खाली पडते. घरच्या लेथच्या क्रॉस स्लाइडवर मागे जागा असेल तर असं टूलपोस्ट स्वतः बनवणं हे एका पावसाळ्याचं झकास काम आहे. ब्रिटनमधले हौशी मॉडेल बनवणारे हा उपाय कित्येक दशकं करत आलेत.

घरातल्या बाकीच्यांसाठी एवढंच: लेथ चालू असताना शेडमध्ये ओढणी, सैल बाही, मोकळे केस आणि हातमोजे यांना प्रवेश नाही. हातमोजे सुरक्षेसाठी असतात हे इथे लागू होत नाही, फिरता जॉब ते पकडून हातासकट ओढतो. चिप हाताने ओढायची नाही, ती धारदार आणि तापलेली असते, त्यासाठी वाकवलेल्या तारेचा आकडा ठेवायचा. कापलेला तुकडा झेलायला हात पुढे करायचा नाही. वॉशरसारखं भोकाचं काम असेल तर टेलस्टॉकच्या ड्रिल चकमध्ये बारीक सळई धरून ती भोकात ठेवा, कापलेले वॉशर तिच्यावर माळेसारखे ओवले जातात. नातवंडांना हे बघायला फार आवडतं. तीन पावलं लांबून, चष्मा घालून.

ताई, होल्डर मागवताना त्याच रुंदीचे निदान पाच इन्सर्ट सोबत घ्या. शिकताना पहिले एक-दोन जाणारच, आणि एकच असेल तर बाबा तो जपून ठेवण्यासाठी टूल वापरणारच नाहीत. इन्सर्ट आवळायचा जादा स्क्रू आणि त्याची किल्लीही घ्या. ही किल्ली बोटभर असते, चुऱ्यात पडली की सापडत नाही, आणि रविवारी संध्याकाळी दुकानं बंद असतात.